छंदाचं टपाल: घूं करणारं इंजिन आणि तीन क्लब

प्रश्न: मामा गेले तेव्हा त्यांच्या खेळण्यातल्या आगगाड्यांची लाकडी पेटी माझ्या वाट्याला आली. आत तीन रुळांचा ट्रॅक, एक ट्रान्सफॉर्मर, केबिनवर ६७१ आकडा असलेलं, लायोनेल या अमेरिकन कंपनीचं जड काळं इंजिन, सात डबे आणि चुरगळलेले नारिंगी-निळे खोके आहेत. ३४७२ नंबरच्या पांढऱ्या डब्याच्या दारातून एक छोटा माणूस दुधाचे कॅन बाहेर ढकलतो. इंजिन मात्र कधी पुढे जातं, कधी जागच्या जागी नुसतं घूं करतं, कधी उलटं धावतं. मला ते दुरुस्त करायचंय, या गाड्यांबद्दल शिकायचंय आणि पेटीतून हरवलेले डबेही मिळवायचेत. तीन पर्याय आहेत. एक, दर आठवड्याला जमणारा जवळचा मॉडेल रेल्वे क्लब. त्यांचा एचओचा, म्हणजे जवळपास निम्म्या रुंदीच्या दोन रुळांचा, मोठा लेआउट (रूळ आणि देखाव्याची मांडणी) आहे. दोन, संग्राहकांची मोठी जुनी संस्था. तीन, फक्त याच कंपनीच्या गाड्यांचा क्लब. वर्गणी एकाचीच भरणं जमेल. कुठली भरू?

उत्तर: आधी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. तुमचं इंजिन बिघडलेलं नाही.

त्याच्या पोटात विजेच्या चुंबकावर चालणारा एक छोटा ढोल आहे. लायोनेलवाले त्याला ई-युनिट म्हणतात. वीज तोडून पुन्हा दिली की तो ढोल एक घर पुढे सरकतो: पुढे, उभं, मागे, उभं, परत पुढे. घूं आवाज त्या चुंबकाचा. म्हणजे मोटर मेली नाही, गाडी फक्त 'उभं'च्या घरात आहे. ट्रान्सफॉर्मरचा दांडा शून्यावर आणा, परत वर घ्या, निघेल. बॉयलरच्या पाठीवर एक बारीकशी पट्टी वर आलेली दिसेल. ती सरकवली की ढोलाचं सरकणं थांबतं आणि गाडी आहे त्या दिशेलाच चालत राहते. मधल्या रुळातून वीज घेणाऱ्या रोलरखाली मळ असेल किंवा रूळ गंजले असतील तर वीज क्षणभर तुटते आणि ढोल आपोआप पुढे सरकतो. चालती गाडी मध्येच थांबते आणि माणूस समजतो, इंजिन गेलं. मीही असंच समजून एक इंजिन पूर्ण उघडलं होतं. त्यातला एक स्क्रू अजून सापडायचाय.

हे आधी सांगितलं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. तुम्ही तीन क्लबांचे पर्याय दिलेत, पण पेटीने आपलं नाव आधीच सांगितलंय. ६७१ हे पेनसिल्व्हेनिया रेलरोड या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या वाफेच्या टर्बाइन इंजिनाचं खेळणं. पुढे सहा, मध्ये आठ, मागे सहा चाकं. लायोनेलने ते १९४६ ते १९४९ या काळात काढलं. दुधाचा ३४७२ डबा १९४९ ते १९५३ मधला. म्हणजे मामांची खरेदी १९४९च्या आगेमागे झालेली दिसते. धुराड्यात डोकावून बघा. १९४६च्या इंजिनात धूर काढायला खळगा असलेला बल्ब होता, पुढच्या वर्षीपासून तापणारी तार आली. बल्ब दिसला तर तो काढून नवा बसवायच्या फंदात पडू नका. या ओळी वाचून तुमचे डोळे चमकले असतील तर तुम्ही संग्राहक आहात. 'एवढं कशाला, गाडी धावली म्हणजे झालं' असं वाटलं असेल तर तुम्ही चालक. आणि 'खरं टर्बाइन कसं होतं हो?' असं मनात आलं असेल तर तुमची जागा जवळच्या क्लबातच आहे.

त्या खऱ्या इंजिनाचीच गोष्ट घ्या. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने या प्रकारचं इंजिन एकच करून घेतलं, १९४४ मध्ये, नंबर ६२००. लायोनेलने त्याची हजारो खेळणी विकली. स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडीची प्रमाणात बसणारी प्रतिकृती, करणाऱ्या माणसापुढे तुमचं ६७१ ठेवलं तर तो पहिल्याच वाक्यात म्हणेल, 'पण असं इंजिन तर एकच होतं!' दुसऱ्या वाक्यात म्हणेल, 'आणि हे फार आखूड आहे.' दोन्ही खरं आहे. संग्राहकाला यातलं काहीच खुपत नाही. त्याच्या लेखी खरी वस्तू म्हणजे १९४०च्या दशकात कारखान्यातून बाहेर पडलेलं खेळणं. खेळण्यात पुढे काय बदललं, कुठला बल्ब गेला, कुठला शिक्का आला, हा त्याचा अभ्यास. दोन्ही मंडळी तितकीच हुशार आणि तितकीच हट्टी. एका टेबलाशी बसली की बोलतात मात्र वेगवेगळ्या विषयांवर.

मी पहिली वर्गणी चुकीच्या ठिकाणी भरली. का? तो क्लब जवळ होता, दार उघडं होतं, माणसं प्रेमळ होती. त्यांचा एचओचा लेआउट देखणा होता. एका बोगद्याच्या तोंडावरच्या दगडांना रंग देण्यात दोन सदस्यांनी पूर्ण हिवाळा घालवला होता. मी माझं तीन रुळांचं इंजिन पिशवीतून काढलं आणि तेव्हा लक्षात आलं, हे ठेवायचं कुठे? एचओच्या रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर आणि स्केल १:८७. माझ्या ओ गेजच्या बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, दुप्पटच म्हणा. त्यांचे रूळ दोन, वीज डीसी किंवा डिजिटल. माझे तीन, वीज एसी. माझं इंजिन त्यांच्या रुळावर नुसतं उभंही राहीना. कोणी हसलं नाही. एकाने ते उचलून शेल्फावर ठेवलं, 'छान आहे' म्हणाला आणि बोगद्याकडे परत गेला. वर्षभर ते तिथेच बसलं. त्या वर्षात मी सोल्डरिंग शिकले, तारांना रंग देऊन नोंद ठेवायला शिकले, आणि ते आजही उपयोगी पडतं. माझ्या पेटीबद्दल मात्र एक अक्षरही शिकले नाही.

तर तुमचं काय? माझं उत्तर दुसरा पर्याय. संग्राहकांची मोठी जुनी संस्था. पण कुठली, ते बघून.

अशा संस्थांमधली मोठी म्हणजे ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन. १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यार्डली गावात एका कोठारात काही लोक जमले आणि ती सुरू झाली. आज तिचं कार्यालय आणि खेळण्यातल्या आगगाड्यांचं संग्रहालय पेनसिल्व्हेनियातच स्ट्रासबर्गला आहे. तिचा पूर्व विभाग वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, पेनसिल्व्हेनियातल्याच यॉर्क शहरात मोठा मेळा भरवतो. तुमचे हरवलेले डबे मिळण्याची शक्यता अशाच टेबलांवर. शिवाय या संस्थेने वस्तूची अवस्था सांगायची एक भाषा घडवली आणि ती आता सगळीकडे चालते. सी-१ म्हणजे भंगार, सी-१० म्हणजे जशी कारखान्यातून आली तशी, हातही न लागलेली. सी-५ला ओरखडे, छोटे पोचे, मळ चालतो. सी-६ स्वच्छ, थोडे ओरखडे, पण पोचा नाही. सी-७ला केसासारख्या खुणा चालतात, पण प्रत्येक भाग मूळचा लागतो. खोक्यांची पट्टी वेगळी, पी अक्षराची. हो, तुमचे ते चुरगळलेले नारिंगी-निळे खोकेसुद्धा मोजले जातात. फेकले नाहीत ना अजून?

तिसऱ्या पर्यायातला मोठा क्लब म्हणजे लायोनेल कलेक्टर्स क्लब ऑफ अमेरिका, १९७० सालचा. एका कंपनीत खोल उतरायचं असेल तर यांच्यासारखी माणसं नाहीत. लायोनेलचा इतिहास ते तीन तुकड्यांत बोलतात: १९४२ पर्यंतचा युद्धपूर्व, १९४५ ते १९६९चा युद्धोत्तर, आणि १९७०पासूनचा आधुनिक. १९६९मध्ये जनरल मिल्सने या गाड्या बनवायचे हक्क घेतले, म्हणून तिथे रेघ. तुमची पेटी मधल्या तुकड्यात. मग मी हा क्लब पहिला का नाही सांगितला? कारण असे क्लब सदस्यांसाठी खास डबे काढतात. चकचकीत असतात, क्लबाचं नाव असतं, आणि माणूस त्या मालिकेच्या मागे लागतो. मामांची १९४९ची पेटी पूर्ण करायला निघालेला माणूस दोन वर्षांनी गेल्या आठवड्यात बनलेले डबे मांडत बसलेला मी पाहिलाय. तुम्ही तसे नसाल. पण सात डब्यांपैकी तुम्ही एकाचाच नंबर कळवलात. बाकीचे सहाही लायोनेलचेच आहेत याची खात्री केलीत का? अमेरिकन फ्लायरने १९४६पासून दोन रुळांच्या एस गेजच्या गाड्या विकल्या. काही घरांत दोन्ही कंपन्यांचा माल एकाच पेटीत पडलेला असतो. एस गेजचा डबा तुमच्या रुळावर बसणार नाही, कारण त्याची चाकं आतल्या बाजूला येतात. तसा एखादा निघाला तर एका कंपनीचा क्लब त्याच्यापुढे गप्प बसेल.

(ब्रिटनमधल्या वाचकांसाठी: पेटी तिथल्या हॉर्नबी कंपनीची असेल तर हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन, १९६९, कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाड्या असतील तर ब्रिटनमधली ट्रेन कलेक्टर्स सोसायटी. ओ गेजमध्ये स्वतः मॉडेल बनवायची असतील तर गेज ओ गिल्ड, १९५६पासूनची. अमेरिकेतल्या मॉडेलकारांची नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन तर १९३५ची. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच रुळावर चालाव्यात म्हणून मापं ठरवली ती याच लोकांनी. पण ती संग्राहकांची संस्था नव्हे. नावात 'रेल' असलं की सगळे एकच, हा गैरसमज पत्रांतून वारंवार दिसतो.)

वर्गणी भरण्याआधी एक करा. पाहुणे म्हणून जाता येईल अशा एका भेटीला जा आणि ६७१ टेबलावर ठेवा. काही बोलू नका, हात बघा. एकजण मान वाकवून डोळे टेबलाच्या पातळीला आणेल आणि बाजूने इंजिनाची रेषा बघेल. तो मॉडेलवाला. दुसरा लगेच उलटं करून बोटाने चाक फिरवेल, मधल्या रुळावर टेकणारे रोलर दाबून बघेल आणि विचारेल, 'तेल कधी घातलंत?' तो चालक. तिसरा हात पाठीमागे बांधून उभा राहील आणि म्हणेल, 'उचलू का?' आधी खोका मागेल. मग इंजिन उलटं करून स्क्रूंच्या खाचा बघेल. खाच खरवडलेली असेल तर इंजिन कधीतरी उघडलं गेलंय. तुम्हाला शिकायचंय असं लिहिलंत, म्हणून मी तुम्हाला त्या तिसऱ्याच्या शेजारी बसवते. पण दुसऱ्याचा नंबर घेऊन ठेवा. तुमच्या मोटरच्या कम्युटेटरमधल्या (वीज घेणाऱ्या फिरत्या तांब्याच्या भागातल्या) खाचा लाकडी काडीने साफ करून दाखवणारा तोच असेल.

त्या तिसऱ्या माणसासमोर माझी पहिली भेट कशी झाली ते सांगायला अजूनही लाज वाटते. मी माझं इंजिन 'नवं' करून नेलं होतं. काळ्या रंगाचा नवा हात, चकाकतं. खोक्याची फाटकी झडप मी चिकटपट्टीने जोडली होती. त्यांनी खोका हातात घेतला, पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. पट्टी पिवळी पडली होती आणि तिच्याबरोबर निळ्या छपाईचा पापुद्रा निघत होता. 'काढू नका आता,' एवढंच म्हणाले. मग इंजिनाकडे बघून विचारलं, 'रंग कोणी दिला?' मी म्हटलं, 'मीच.' ते म्हणाले, 'खाली आत कुठेतरी लिहून ठेवा तारखेसह, म्हणजे तुमच्यानंतर कुणाची फसगत व्हायची नाही.' मला वाटलं होतं शिव्या बसतील. मी तिथल्या तिथे फॉर्म मागितला.

शेवटचं. मोठी संस्था निवडताना तिचा नकाशा बघू नका, तुमच्या भागातला विभाग वर्षातून किती वेळा खरोखर जमतो ते विचारा. मागच्या वर्षीच्या भेटींच्या तारखा मागा. तारखा मिळाल्या नाहीत, फक्त मासिक मिळतं असं कळलं, तर मत बदला आणि तिसऱ्या पर्यायाकडे जा. जवळच्या एचओवाल्यांकडे पाहुणे म्हणून मात्र जात राहा. इंजिन शेल्फावर ठेवू देऊ नका.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला आगगाड्या चालवायच्या आहेत, बघायच्या नाहीत. ज्या क्लबात नेलं तिथे काचेच्या कपाटांपुढे दोन तास उभं राहावं लागलं आणि 'हात लावू नकोस' हे तीन वेळा ऐकावं लागलं. मुलांना घेणारा क्लब ओळखायचा कसा?

उत्तर: त्या मंडळींवर रागावू नका; कपाटं ही त्यांची गाडी आहे. तुम्ही मॉड्यूलवाल्यांकडे जा. यात प्रत्येक सदस्य लेआउटचा एक तुकडा घरी बनवतो आणि भेटीला सगळे तुकडे जोडून मोठा ट्रॅक होतो. एन गेजमध्ये, म्हणजे ९ मिलिमीटरच्या रुळावर, टी-ट्रॅक नावाची पद्धत आहे. मूळ जपानची. टेबलावरच मांडतात. साध्या एका तुकड्याची पेटी ३०८ मिलिमीटर लांब, वरचा रूळ ३१० मिलिमीटर. म्हणजे रूळ दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर येतो आणि शेजारच्याशी नीट जुळतो. वह्यांच्या कपाटात मावेल एवढा तुकडा. त्यावर तिने ज्वालामुखी केला तरी कोणी अडवत नाही, रूळ ठरलेल्या जागी असला की झालं. तिच्या तुकड्यावरून दुसऱ्या कुणाची गाडी जाईल तेव्हा तिचा चेहरा बघा. क्लबाला फोन करताना 'मुलं चालतात का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मागच्या भेटीत कंट्रोलर किती वर्षांच्या मुलाच्या हातात होता' असं विचारा.

प्रश्न: संग्राहकांच्या क्लबात खरेदी केली तर फसवणूक होत नाही, असं मित्र सांगतो. एवढ्यासाठी सदस्य व्हावं का?

उत्तर: एवढ्यासाठी नको. चांगल्या क्लबांचे नियम कडक असतात. नव्याने बनवलेला भाग किंवा दुसऱ्यांदा रंगवलेली वस्तू असेल तर तसं सांगूनच विकायचं, आणि सदस्याने सदस्याला गंडवलं तर तक्रार करायला जागा असते. अनोळखी विक्रेत्याकडे हे नसतं. पण नियम मुद्दाम फसवणाऱ्याला थोडेफार अडवतात, अजाणतेपणी चुकीचं विकणाऱ्याला नाही. खरा फायदा हा की टेबलावरची वस्तू हातात घेऊन बघता येते.

मग बघायचं काय? युद्धापूर्वीच्या ओतीव भागांना आधी अंगठा लावा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धता मिसळली गेली असेल तर धातू आतून, कणाकणांच्या मधून कुजतो. ओल असली की लवकर. सुरुवातीला पृष्ठभाग जरासा फुगतो, मग केसासारख्या भेगा, मग चाक वाकडं फिरतं आणि एक दिवस हातात तुकडे. हॉर्नबीच्या डब्लो मालिकेतल्या पहिल्या काळातल्या ओतीव भागांमध्ये हा रोग सापडतो. याला औषध नाही आणि वरून रंग दिला तर भेगा झाकल्या जातात, म्हणून नवा गुळगुळीत रंग दिसला की खूश होण्याआधी चौकट सपाट आहे का ते टेबलाच्या कडेला लावून बघा. दोन टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली तर परत ठेवा. विकणारा चांगला माणूस असेल तर तोही वाकून बघेल.